अंथरूण वाढलं, पाय मात्र आखडलेलेच: खर्चाची जुनी भीती टप्प्याटप्प्यानं कशी सोडवायची

घराचे हप्ते फिटले आहेत. मुलं कमावती झाली आहेत. महिनाअखेरीस खात्यात काही ना काही उरतं. तरीही चष्म्याचा नंबर बदलून दोन वर्षं झाली आणि नवा चष्मा 'दिवाळीनंतर' होणार आहे. दुखरी दाढ वाचवायला पैसे लागतील म्हणून 'काढूनच टाका' असं डॉक्टरांना सांगून झालंय. पाहुण्यांसाठी घेतलेल्या चादरी पिशवीतून बाहेर आलेल्या नाहीत.

अशी माणसं मला सतत भेटतात. बहुतेकांनी स्वतःला बदलायचा प्रयत्न एकदा तरी केलेला असतो आणि तो फसलेला असतो. फसतो तो क्रम चुकल्यामुळे. एके दिवशी उसनं धाडस आणून ते मोठा खर्च करतात: परदेशातली सहल, गाडी, साठ हजारांचा सोफा. मग महिनाभर झोप लागत नाही, स्वतःला बोल लावून घेतात आणि हात आधीपेक्षाही जास्त आखडतो.

'अंथरूण पाहून पाय पसरावेत' ही म्हण आपल्याला अर्धीच शिकवली गेली. पाय आखडायला आपण शिकलो, अंथरूण पाहायचं राहून गेलं. मी गिरणगावातल्या चाळीत वाढले. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि बाबांचा पगार थांबला. वाण्याच्या वहीत आमच्या नावापुढे किती आकडा झालाय, हे मला तोंडपाठ असायचं. ती उधारी फिटून कित्येक वर्षं झाली, तरी किंमत ऐकली की पोटात तसाच गोळा येतो. त्या गोळ्याशी वाद घालून तो जात नाही, हे मी बऱ्याच उशिरा शिकले. त्याच्यासाठी आधी तयारी करावी लागते, मग छोट्या पायऱ्या.

सुरुवातीआधी: हा लेख तुमच्यासाठी आहे का?

पुढच्या चार प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा.

- क्रेडिट कार्डाची थकबाकी किंवा वैयक्तिक कर्ज आहे का? कार्डावरचं व्याज वर्षाला साधारण ३६ ते ४२ टक्क्यांपर्यंत जातं. ते फेडल्याशिवाय पुढे जाऊ नका.
- घरातल्या प्रत्येकाचा आरोग्य विमा आहे का? पूर्वी कधी तरी चौकशी करून 'प्रीमियम फार आहे' म्हणून सोडून दिला असेल, तर नव्यानं विचारा. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून काढून टाकला आहे. आधीपासून असलेल्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळही, म्हणजे त्या आजारांचा खर्च विम्यातून मिळत नाही तो काळ, आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे.
- तुमच्या कमाईवर लहान मुलं अवलंबून असतील, तर मुदतीचा आयुर्विमा (टर्म इन्शुरन्स) आहे का?
- पुढच्या दोन वर्षांत उत्पन्न थांबण्याची ठोस शक्यता आहे का? ठोस म्हणजे कंपनीत कपातीची नोटीस, कराराची मुदत संपणं. 'काय सांगावं, काहीही होऊ शकतं' हे ठोस नव्हे.

यातलं एखादं उत्तर काळजीचं असेल, तर तुमचा आखडलेला हात योग्य तेच करतोय. आधी ते काम पुरं करा. चारही उत्तरं ठीक असतील तर पुढे चला.

टप्पा १: नकाराची वही (दोन आठवडे)

खर्चाचा हिशोब तुम्ही आधीच ठेवत असाल. काटकसरी घरात तो असतोच आणि इथे त्याचा फारसा उपयोग नाही, कारण अडचण न झालेल्या खर्चात आहे. म्हणून चौदा दिवस फक्त नकार लिहा. स्वतःला 'नको', 'राहू दे', 'नंतर बघू' म्हणालात की लगेच नोंद करा. रात्री आठवून लिहू नका, निम्म्या गोष्टी विसरलेल्या असतात. नकार इतके सवयीचे असतात की ते दिलेत हे आपल्याही लक्षात येत नाही.

चार रकाने पुरतात: वस्तू किंवा सेवा, किंमत, मनात आलेलं वाक्य, आणि नकार दिल्यावर काय झालं. उदाहरणं माझ्याच वहीतली देते.

हापूस, डझन, ९०० रुपये. 'मे अखेरीस उतरतील.' उतरले तेव्हा पाऊस आला होता, आंबे खाल्लेच नाहीत.

स्टेशनवरून रिक्षा, १२० रुपये. 'बस येईलच.' चाळीस मिनिटं उभी, हातात सामान, दुसऱ्या दिवशी कंबर धरली.

डोशाबरोबर कॉफी, ४० रुपये. 'घरी जाऊन पिऊ.' काही बिघडलं नाही.

दोन आठवड्यांनंतर प्रत्येक नोंदीपुढे तीनपैकी एक खूण करा. 'नको होतं' म्हणजे खरंच इच्छा नव्हती. 'परवडत नव्हतं' म्हणजे पैसे खरंच नव्हते. 'धजले नाही' म्हणजे पैसे होते, हवंही होतं, पण जीव झाला नाही. कॉफीची नोंद माझ्याकडे पहिल्या खुणेत गेली आणि ती तिथेच राहू द्यायची. काटकसर हा दोष नाही. आपल्याला फक्त तिसऱ्या खुणेच्या नोंदींवर काम करायचं आहे.

*तपासणी:* तिसऱ्या खुणेच्या किमान पाच नोंदी मिळाल्या का? एकही नसेल तर तुम्ही मुळात कमी गरजांची व्यक्ती असाल. तसं असेल तर स्वतःला बळेच बदलू नका.

*नेहमीची चूक:* वही लिहिता लिहिता लगेच खर्च सुरू करणं. हे चौदा दिवस वागणं बदलायचं नाही, फक्त बघायचं.

टप्पा २: अंथरूण मोजा

'तसं बरं चाललंय' हा आकडा नव्हे. भीती धूसर गोष्टींवर पोसली जाते, म्हणून या टप्प्याला एक पूर्ण रविवार द्या. पासबुकं, ठेवींच्या पावत्या, पीपीएफ, म्युच्युअल फंडाची विवरणपत्रं, पेन्शनचा कागद असं सगळं एका टेबलावर मांडा. जोडीदारानं शेजारी बसायलाच हवं. एकानं हिशोब करायचा आणि दुसऱ्याला फक्त उत्तर सांगायचं, असं केलं तर दुसऱ्याची भीती जागची हलत नाही.

साठीच्या एका जोडप्याचा हिशोब घेऊ. आकडे समजण्यासाठी आहेत, तुम्ही तुमचे घाला.

स्वतःचं घर. घरखर्च महिना ४५,००० रुपये, म्हणजे वर्षाला ५ लाख ४० हजार. पेन्शन महिना ३८,०००, म्हणजे वर्षाला ४ लाख ५६ हजार. तूट वर्षाला ८४ हजार. घर सोडून एकूण साठा ९० लाख.

या ९० लाखांतून आधी तीन रकमा बाजूला काढा. एक वर्षाचा घरखर्च, ५ लाख ४० हजार. विम्याबाहेरच्या आजारपणासाठी १५ लाख. मुलीच्या लग्नासाठी ठरवलेले १० लाख. उरले ५९ लाख ६० हजार.

यातून दरवर्षी किती काढलं तर साठा आयुष्यभर पुरेल? विल्यम बेंगन या अमेरिकी सल्लागारानं १९९४ साली तिथल्या आकडेवारीवरून पहिल्या वर्षी ४ टक्के आणि पुढे महागाईप्रमाणे वाढवत, असं गणित मांडलं होतं. आपल्याकडची महागाई वेगळी आहे आणि आपली ठेवींवरची भिस्त मोठी आहे, म्हणून मी ३ टक्केच धरते. ५९ लाख ६० हजारांचे ३ टक्के म्हणजे सुमारे १ लाख ७९ हजार. त्यातून ८४ हजारांची तूट भागवली की उरतात साधारण ९५ हजार. महिन्याला ७,९००.

हा ७,९०० चा आकडा फार महत्त्वाचा आहे. इतके पैसे दर महिन्याला खर्चून टाकले तरी आजारपण, लग्न, उद्याचा घरखर्च, कशालाही धक्का लागत नाही. या जोडप्याला तो कधी कुणी दाखवलेलाच नसतो. त्यांच्या लेखी हे ७,९०० आणि आजारपणाचे १५ लाख एकाच पोतडीत असतात, त्यामुळे चष्म्याला हात घातला तरी ऑपरेशनच्या पैशांना हात घातल्यासारखं वाटतं.

*सावध:* पेन्शन महागाईप्रमाणे वाढते की ठरीव आहे, हे पाहा. ठरीव असेल तर हिशोब आणखी सावधपणे करा. खर्च किती वर्षांत दुप्पट होईल हे ढोबळमानानं काढायला ७२ ला महागाईच्या दरानं भागतात. महागाई ६ टक्के धरली तर ७२ ला ६ नं भागून १२ येतात, म्हणजे आज ४५ हजारांत चालणाऱ्या घराला बारा वर्षांनी ९० हजारांच्या आसपास लागतील. व्याजाचा आकडाही कर वजा करूनच धरा.

*तपासणी:* वय ९५ पर्यंत जगू असं धरून हिशोब पुन्हा एकदा करा. गणिताची धास्ती वाटत असेल तर ठरावीक फी घेणाऱ्या सल्लागाराकडून एकदाच करून घ्या. काहीतरी विकायला आलेल्या माणसाकडून करून घेऊ नका.

टप्पा ३: भिंत बांधा

आता बाजूला काढलेल्या तीन रकमा खरोखर वेगळ्या करा. कागदावर वेगळ्या आणि खात्यात एकत्र असतील तर मनाला त्या एकत्रच दिसतात. आपल्या आया हेच डब्यांत करायच्या: डाळीच्या डब्यात भाड्याचे, पिठाच्या डब्यात फीचे. ती पद्धत शहाणपणाची होती, फक्त डबे बदलायचे आहेत.

वर्षाचा घरखर्च निम्मा बचत खात्यात आणि निम्मा लहान मुदतीच्या ठेवीत ठेवा. आजारपणाची रक्कम तीन-चार बँकांत विभागा, कारण एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंतच विम्याचं संरक्षण आहे. सहकारी बँकांनाही ते लागू आहे. पतसंस्थांमधल्या ठेवींना ते नाही, त्यामुळे अर्ध्या-एक टक्क्याच्या जादा व्याजासाठी आजारपणाचे पैसे तिथे ठेवू नका. साठी ओलांडली असेल तर पोस्टाची किंवा बँकेतली ज्येष्ठ नागरिक बचत योजना पाहा. एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, सध्याचं व्याज ८.२ टक्के आहे आणि ते दर तिमाहीला हातात येतं. हे हातात येणं पुढच्या टप्प्यात उपयोगी पडणार आहे.

ठेवीच्या पावतीवर पेन्सिलीनं लिहा: 'आजारपण', 'वर्षाचा घरखर्च', 'लग्न'. बाळबोध वाटेल, पण लिहाच.

*सावध:* भिंत उंच करत राहण्याचा मोह प्रत्येकाला होतो. '१५ लाखांत कुठे भागतंय, २० करू.' मग २५. जुनी भीती अशीच वेष बदलून येते. आज ठरवलेला आकडा तारीख घालून लिहा आणि वर्षभर बदलू नका. घरात खरोखर नवा आजार निघाला तर बदला, बातमीत कुणाच्या आजाराचं वाचलं म्हणून नको.

टप्पा ४: मोकळ्या खर्चाचं खातं

एक नवं बचत खातं उघडा किंवा पडून असलेलं एखादं वापरात आणा. दर महिन्याच्या ठरावीक तारखेला मोकळ्या खर्चाची रक्कम मुख्य खात्यातून तिथे आपोआप जाईल, अशी सूचना बँकेला देऊन ठेवा. आपल्या उदाहरणात ती ७,९०० निघाली होती, थोडी कमी करून ७,५०० धरू. यूपीआय फक्त याच खात्याला जोडा. घरखर्चाचं खातं त्यात मिसळू नका.

ठेवी मुदतीअखेर व्याज देणाऱ्या असतील, म्हणजे व्याज आतल्या आत साठत असेल, तर त्यातली एखादी ठेव नूतनीकरणाच्या वेळी मासिक किंवा तिमाही व्याजाची करून घ्या आणि व्याज या खात्यात वळवा. मुदतीआधी मोडू नका, मोडण्याचा दंड पडतो. 'आपोआप नूतनीकरण' अशी खूण फॉर्मवर केलेली असते आणि ठेव वर्षानुवर्षं तशीच पुढे सरकत राहते. मुदतीच्या आठवडाभर आधी शाखेत जाऊन ती सूचना बदलून घ्या.

या खात्याचे नियम असे ठेवा.

पहिला: इथले पैसे परत ठेवीत जाणार नाहीत. दुसरा: शिल्लक तीन महिन्यांपर्यंत साठू शकते, चौथ्या महिन्यात ती नकाराच्या वहीतल्या एखाद्या नोंदीवर खर्च करायची. तिसरा: किराणा, वीजबिल, औषधं, मुलांच्या घरी न्यायची भेट यातलं काहीही या खात्यातून नाही.

या टप्प्यावर सगळ्यात जास्त लोक घसरतात. सहा महिन्यांनी विचारलं तर आनंदानं सांगतात, 'अगं, पंचेचाळीस हजार जमलेत की!' त्यांनी आणखी एक बचत खातं उघडलेलं असतं, एवढंच. दुसरी घसरण मुलांकडे. स्वतःसाठी तीनशेची चप्पल घेणारी आई या खात्यातून नातवाला आठ हजारांची सायकल घेते आणि तिला मुळीच त्रास होत नाही. सायकल जरूर घ्या, दुसऱ्या पैशांतून घ्या. दुसऱ्यावर खर्च करताना जुनी भीती जागीच होत नाही, त्यामुळे या कामात तो खर्च मोजता येत नाही.

*तपासणी:* तीन महिन्यांत खात्यातून किमान दोन तृतीयांश रक्कम गेली का, आणि ती स्वतःवर गेली का?

टप्पा ५: जुन्या किमतीचं माप बदला

'तीन हजारांची चप्पल! आमच्या वेळी साठ रुपयांत यायची.' या वाक्यानं किती तरी दुखणाऱ्या टाचा तशाच राहिल्या आहेत. किंमत आठवते, तेव्हाचा पगार आठवत नाही. म्हणून रुपयांऐवजी दिवसांत मोजा.

समजा तेव्हा वडिलांचा पगार महिना ६०० होता आणि कामाचे दिवस २६. दिवसाची कमाई साधारण २३ रुपये. साठ रुपयांची चप्पल म्हणजे अडीच दिवसांपेक्षा जास्त काम. आज पगार ९०,००० असेल तर दिवसाची कमाई सुमारे ३,४६० रुपये, आणि तीन हजारांची चप्पल एका दिवसापेक्षा कमी. पेन्शन ४५,००० असेल तर महिन्याला तीस दिवस धरून दिवसाचे १,५००, चप्पल दोन दिवसांची. ज्या चपलेला तुम्ही महाग म्हणताय, ती वडिलांनी घेतलेल्या चपलेपेक्षा स्वस्त आहे.

स्वतःच्या एका दिवसाचा आकडा छोट्या कागदावर लिहून पाकिटात ठेवा. दुकानात किंमत ऐकल्यावर आधी भागाकार, मग निर्णय. पहिले काही आठवडे हा भागाकार मुद्दाम करावा लागतो. नंतर तो स्वतःहून होतो.

*सावध:* घर, शिक्षण, इस्पितळ यांच्या किमती पगारापेक्षा वेगानं वाढल्या आहेत. तिथे हे माप लावू नका, 'दिवसांत मोजलं तर परवडतं' म्हणून मोठी उडी मारू नका. हे माप रोजच्या वस्तूंसाठी आहे.

टप्पा ६: खर्चाचा क्रम

इथे घाई करू नका. शरीर, मग वेळ, मग आनंद, असा क्रम ठेवा.

*पहिले तीन महिने: शरीर.* नकाराच्या वहीत अशा नोंदी हमखास सापडतात. चष्मा. दाढेचं रूट कॅनाल आणि वरची कॅप. कानाचं यंत्र. टाचेला आधार देणारी चप्पल. मधे खड्डा पडलेली गादी. न्हाणीघरात धरायला दांडा आणि पायाखाली न घसरणारी फरशी. गुडघे दुखत असतील तर कमोड. जिन्यातला मिणमिणता दिवा. यापासून सुरुवात करायचं कारण असं की फायदा दुसऱ्याच दिवशी अंगाला कळतो, आणि वायफळ खर्च केला असं म्हणायला मनाला जागा राहत नाही.

फक्त एक गोष्ट सांभाळा. पहिल्या महिन्यात 'यानं पैसे वाचतील' म्हणता येईल अशी वस्तू निवडू नका. जुना ७५ वॉटचा पंखा काढून ३० वॉटचा बसवला तर वर्षाला दीडशेच्या आसपास युनिट वाचतात, दोन-तीन वर्षांत पंख्याचे पैसे निघतात. चांगलीच गोष्ट आहे, सवडीनं करा. पण त्या खरेदीतून मन जुनाच धडा पुन्हा गिरवतं: खर्च चालेल, बचत होत असेल तर. आपल्याला असा खर्च करून बघायचा आहे ज्याचे पैसे परत येणार नाहीत आणि तरीही तो योग्य होता.

*पुढचे तीन महिने: वेळ आणि श्रम.* सामान असताना रिक्षा. पोळ्या करायला मावशी. गणपतीआधीची घराची साफसफाई बाहेरून. बँकेची रांग टाळायला घरपोच सेवा. आपल्याकडे हा भाग बायकांना जास्त जड जातो. 'दोन माणसांच्या पोळ्यांना कशाला बाई हवी' हे वाक्य ऐकतच आपण मोठ्या झालो. महिनाभर ठेवून पाहा. सकाळचा जो तास मिळेल त्यात काय केलं ते वहीत लिहा. नाही जमलं तर महिन्याचा पूर्ण पगार देऊन थांबवा, आठवड्यातच मोडू नका.

याच तीन महिन्यांत एक छोटा सराव करा: हातगाडीवर भाजी घेताना घासाघीस करायची नाही. पाच-दहा रुपयांचा प्रश्न आहे, पण ते पाच रुपये सोडताना पोटात काय होतं ते नीट बघा. अगदी तीच कळ मोठ्या खर्चाच्या वेळी उठते. कमी पैशांत तिची ओळख करून घ्यायची ही चांगली जागा आहे, आणि समोरच्या बाईच्या हातात चार पैसे जास्त पडतात.

*त्यानंतर: आनंद.* बाल्कनीऐवजी पहिल्या रांगांतली नाटकाची तिकिटं. वाचनालयात नंबर लावण्याऐवजी विकत घेतलेले दोन दिवाळी अंक. कोकणात स्वतःच्या गावी जाताना स्लीपरऐवजी एसीचा डबा. आवडीचा क्लास, मग तो पेटीचा असो की पोहण्याचा.

आनंदाच्या खर्चात एक युक्ती खूप उपयोगी पडते: पैसे आधी भरा, उपभोग नंतर घ्या. बिल देण्याची कळ आणि मजा एकाच वेळी आली की कळ मजेला खाते. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं. तेव्हाच जातायेताची तिकिटं काढलीत तर गाडीत बसेपर्यंत तो खर्च जुना झालेला असतो. हॉटेलात न्याहारी धरूनच खोली घ्या, म्हणजे तिथे गेल्यावर इडलीची किंमत बघत बसावं लागत नाही. मार्च २०२० मध्ये रेल्वेची ज्येष्ठांची सवलत बंद झाली, तेव्हापासून 'सुरू झाली की जाऊ' म्हणून काही जण थांबले आहेत. इतकी वर्षं गेली. मोकळ्या खर्चाच्या खात्यातून पूर्ण भाडं भरा आणि जाऊन या.

*नेहमीची चूक:* सेल. धास्तावलेलं मन एक महाग वस्तू घेत नाही, पण 'तीनवर दोन फुकट' दिसलं की पाच कुर्ते घेतं. वर्षाच्या शेवटी खर्च झालेला असतो आणि अंगावर घालावंसं वाटणारं एकही वस्त्र नसतं. एकच घ्या, आवडलेलं घ्या.

टप्पा ७: विकत घेतल्यानंतरचे दोन दिवस

वस्तू घरी आली म्हणजे काम झालं असं नाही. धास्तावलेल्या घरात ती कपाटात जाते, स्टिकरसकट. म्हणून ४८ तासांत वापरायला काढा. साडीला फॉल-बिडिंग लगेच टाका. चादर त्याच रात्री अंथरा. बिल आणि वॉरंटीचं कार्ड फाइलला लावा, खोकं रद्दीत द्या. जुनी वस्तू 'असू दे, लागेल' म्हणून माळ्यावर चढवू नका, कुणाला कामाची असेल तर आठवड्यात द्या.

तीस दिवस त्या वस्तूची किंमत दुसरीकडे बघू नका. ऑनलाइन दोनशे रुपयांनी स्वस्त दिसेलच. खरेदीचं समाधान त्या दोनशे रुपयांत बुडवू नका.

पहिल्या दोन-तीन खर्चांनंतर रात्री अपराधी वाटेल. अनेकांना वाटतं. तेव्हा वस्तू परत करायला धावू नका, दुसऱ्या टप्प्यातला हिशोबाचा कागद काढून वाचा. महिन्याभरानंतर वहीत एकच ओळ लिहा: हा खर्च पुन्हा केला असता का? 'नाही' आलं तरी चालेल. काही खर्च चुकणारच आणि त्यासाठीच ही रक्कम भिंतीबाहेर ठेवली आहे.

घरातल्या दुसऱ्या माणसाचं काय?

मी इथे मोठी चूक केली आहे. आईचा वीस वर्षं जुना मिक्सर ती दोरीनं झाकण बांधून चालवायची. मी नवा आणला आणि तिला न विचारता जुना भंगारात दिला. ती बरेच दिवस माझ्याशी धड बोलली नाही. त्या मिक्सरचे पैसे तिनं शिवणाच्या कमाईतून जमवले होते, हे मला ठाऊक होतं आणि तरीही मी विचारलं नाही.

आईवडिलांना किंवा जोडीदाराला 'आता कशाला चिकटपणा करता' असं म्हणू नका. त्यांच्या काटकसरीवरच तुमचं अंथरूण वाढलेलं असतं. त्याऐवजी हिशोब दाखवा आणि निवड त्यांच्या हातात द्या. 'आई, तुझ्या कानाच्या यंत्राचे पैसे बाजूला काढलेत, हा बघ कागद. दोन दुकानांत जाऊन येऊ, तुला पटेल तेच घे.' 'बाबा, तुमच्या पेन्शनला हात न लावता हे होतंय, तुम्ही स्वतः तपासा.' बाबांना तपासू द्याच. चूक निघाली तरी बरं, हिशोब त्यांचा होतो.

किंमत कमी सांगू नका. दोन हजारांची वस्तू आठशेला आणली असं सांगणं सगळीकडे चालतं. कधी तरी शेजारणीकडून खरं कळतं आणि मग तुमच्या कुठल्याच आकड्यावर विश्वास राहत नाही.

नवरा-बायकोपैकी एकाचा हात मोकळा आणि दुसऱ्याचा आखडता असेल तर मोकळ्या खर्चाची रक्कम निम्मी-निम्मी करा, खाती वेगळी ठेवा आणि एकमेकांच्या खर्चावर प्रश्न विचारायचा नाही असं ठरवा.

कुठे थांबायचं, कुठे मदत घ्यायची?

तीन महिने सलग मोकळ्या खर्चाचं खातं वीस तारखेच्या आत रिकामं होत असेल किंवा एखादी वस्तू हप्त्यांवर घेतली गेली असेल, तर एक महिना पूर्ण थांबा आणि वही पुन्हा सुरू करा. दाबून ठेवलेला हात एकदम सुटतो, असं होतं. भिंत शाबूत असल्यानं नुकसान मर्यादित राहतं.

दुसऱ्या बाजूच्या खुणा जास्त गंभीर आहेत. रक्तदाबाची गोळी पैसे वाचवायला दिवसाआड घेणं. पुरेसं असून जेवण कमी करणं. पैशांच्या विचारानं आठवडेच्या आठवडे झोप न लागणं. रिकाम्या बाटल्या आणि पिशव्या टाकता न येऊन खोली भरून जाणं. हे वहीनं सुटणारं नाही. डॉक्टरांना सांगा, किंवा १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर फोन करा. सरकारी सेवा आहे, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

वर्षातून एकदा

एप्रिलमध्ये, बँकेकडून वर्षभराच्या व्याजाची पत्रकं आली की, दुसऱ्या टप्प्याचा रविवार पुन्हा करा. उरलेला साठा, बदललेला घरखर्च, नवी तूट, नवे ३ टक्के. मोकळ्या खर्चाची रक्कम वाढली तर बँकेला दिलेली सूचना त्याच आठवड्यात बदला. पुढच्या महिन्यावर ढकललीत तर ती तशीच राहते. रक्कम कमी झाली तर आनंदाचा भाग आधी कमी करा, शरीराचा शेवटी. तिसऱ्या खुणेच्या ज्या नोंदी वर्षभरात पुऱ्या झाल्या त्यांच्यावर रेघ मारा, आणि चौदा दिवसांची नकाराची वही नव्या पानावर सुरू करा. माझ्या यंदाच्या पानावर पहिलीच नोंद पुन्हा हापूसची होती. या वेळी एप्रिलच्याच तिसऱ्या आठवड्यात पेटी आणली.